सुतातले तेल, मधातली साखर आणि चुंबकाची साक्ष

कापडाच्या धंद्यात उमर गेलेला माणूस हाताने माल ओळखतो. ताग्याची घडी उलगडायची, कापड मुठीत आवळून सोडायचे, दोन बोटांत चोळायचे, कडेचा एक धागा काढून काडीने जाळायचा आणि वास घ्यायचा. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम किंवा लोकर, कागद जळल्यासारखा आला तर सूत, आणि वितळून काळा मणी झाला तर पॉलिएस्टर. आम्ही ही परख वडिलांच्या गादीवर बसून शिकलो आणि तिच्या जोरावर तीस वर्षांहून अधिक काळ धंदा केला. परंतु एका व्यवहारात आमची ही परख आंधळी ठरली, आणि त्या आंधळेपणाची किंमत आमच्याऐवजी एका गरीब विणकराने मोजली. म्हणून आजचा विषय जरा वेगळा घेतला आहे. चुंबक आणि रेडिओलहरी यांच्या मदतीने मालाच्या पोटातले सत्य बाहेर काढणारे एक तंत्र आहे. त्याचा आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांशी काय संबंध, तो येथे सांगायचा आहे.

आडव्या पट्ट्यांची गोष्ट

साल २०११. आम्ही टेक्स्चराइज्ड पॉलिएस्टर सूत विकत घेऊन भिवंडीच्या एका विणकर चाचांकडे मजुरीवर विणायला दिले होते. चाचांकडे साधे, धोट्याचे माग. कापड विणून आले, ग्रेमध्ये नजरेला काही दोष दिसला नाही. प्रोसेस हाऊसमधून मोरपंखी रंगात रंगून आले तेव्हा मात्र ताग्याताग्यात आडवे पट्टे. काही बोटे गडद, काही बोटे फिकट, पुन्हा गडद. गिऱ्हाइकाने माल परत केला.

प्रोसेस हाऊसवाले म्हणाले, रंगाची पाककृती ठरलेली असते, दोष ग्रेमध्येच आहे. सूत विकणारे म्हणाले, एकाच लॉटचे सूत दिले आहे, बिलावर लॉट नंबर पाहा, विणकराने दुसऱ्या लॉटच्या कांड्या घुसवल्या असतील. पट्ट्याची रुंदी साधारण एका कांडीच्या बाण्याएवढी होती, म्हणून आम्हालाही ते पटले. चाचांनी एवढेच म्हटले, "शेठ, कांडी मी भरतो, सूत मी बनवत नाही." आम्ही ऐकले नाही. त्यांची मजुरी कापली.

चाचांनी उरलेले अकरा कोन प्रामाणिकपणे परत पाठवले होते. ते आमच्या गोदामात पडून राहिले. दोनेक महिन्यांनी आमच्या ओळखीचे एक गृहस्थ दुकानावर आले. ते सूत बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करत. बोलता बोलता हा किस्सा निघाला. ते कोन घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी आकडे सांगितले. सुतावर जे तेल लावलेले असते ते एका कोनावर २.४ टक्के, दुसऱ्यावर ३.१, तिसऱ्यावर ५.१. लॉट नंबर एक, पण तेलाचा हिशेब प्रत्येक कोनाचा निराळा. तेल जास्त असलेली कांडी धुण्याच्या ठरलेल्या कृतीत पूर्ण स्वच्छ होत नाही, आणि तेल राहिले की रंग सारखा बसत नाही. दोष सुताचा होता. चाचांच्या हाताचा नव्हता.

आम्ही विचारले, एवढ्या लवकर मोजले कसे? ते म्हणाले, "एनएमआरवर लावले. एका नमुन्याला मिनिटसुद्धा लागत नाही." हा शब्द आम्ही तेव्हा प्रथम ऐकला.

सुतावर तेल कशाला?

कापडाच्या धंद्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. कृत्रिम धागा कारखान्यात बनतो तेव्हा तो अतिशय वेगाने धातूच्या आणि चिनीमातीच्या भागांवरून पळतो. घासून तुटू नये, त्यात वीज साठून फुलू नये म्हणून त्याला एक चिकण द्रव लावतात. त्याला स्पिन फिनिश म्हणतात. पुढे टेक्स्चराइज्ड सूत कोनावर गुंडाळताना आणखी तेल लावतात, ते कोनिंग ऑइल. हे तेल साधारणपणे सुताच्या वजनाच्या दोन-तीन टक्के असते. कमी पडले तर मागावर धागा तुटतो, जास्त झाले तर रंगात घोळ होतो.

यात दुसरीही गोम आहे. सूत वजनावर विकले जाते. ठरलेले तेल ३ टक्के असताना प्रत्यक्षात ५ टक्के आले, तर हजार किलो मालात वीस किलो तेल जादा आले. सुताचा भाव किलोला शंभर रुपये धरला तरी टनामागे दोन हजार रुपयांचे तेल आपण सुताच्या भावाने विकत घेतले. ही गोष्ट बोटांना कळत नाही. थोडे तेलकट लागते, एवढेच.

तेल मोजण्याची जुनी रीत अशी: सुताचा नमुना तोलायचा, द्रावकात कित्येक तास धुवायचा, तेल त्यात उतरवायचे, द्रावक उडवून टाकायचे आणि उरलेले तेल तोलायचे. रीत खरी आहे, आजही मान्य आहे. परंतु वेळ लागतो, द्रावकाच्या वाफा अंगाला चांगल्या नसतात, आणि एका दिवसात मोजकेच नमुने होतात. शेकडो कोन उतरत असतात तिथे ती पुरी पडत नाही. म्हणून कारखान्यांनी एनएमआर आणले.

चुंबक बोलतो कसा?

एनएमआर म्हणजे न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स. मराठी पुस्तकांत याला अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन असे भारदस्त नाव आहे. आमच्या उर्दू शाळेत चुंबकाला मक्नातीस म्हणत, आणि लोखंडाचा कीस ओढण्यापलीकडे त्याचे काही काम असेल असे तेव्हा वाटले नव्हते.

तेल, पाणी, साखर, कापूस, पॉलिएस्टर, चामडे या सर्वांत हायड्रोजन आहे. हायड्रोजनच्या अणूचा गाभा हा स्वतःच एक अतिसूक्ष्म चुंबक असतो, आणि तो भोवऱ्यासारखा वागतो. बाहेरून मोठा चुंबक जवळ आणला की हे भोवरे त्याच्या रोखाने डुलू लागतात. डुलण्याचा वेग चुंबकाच्या जोरावर ठरतो. एक टेस्ला जोराच्या चुंबकात हायड्रोजनचा गाभा सेकंदाला सुमारे ४ कोटी २६ लाख वेळा डुलतो.

आता झोपाळ्याचा विचार करा. झोपाळा ज्या तालात हलतो त्याच तालात हलका धक्का दिला तर झोका वाढत जातो. भलत्या वेळी धक्का दिला तर काही होत नाही. तसेच त्या भोवऱ्यांच्या तालाशी जुळणारी रेडिओलहर सोडली की ते ती शक्ती घेतात. लहर थांबवली की ते परत मूळ जागी येताना स्वतःच एक बारीक रेडिओ-आवाज देतात. यंत्र तो आवाज ऐकते. रेडिओवर काटा फिरवून स्टेशन पकडावे, तसा हा प्रकार आहे.

१९४६ मध्ये अमेरिकेत दोन ठिकाणी हे स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. स्टॅनफर्ड येथे फेलिक्स ब्लॉक यांच्या मंडळींनी पाण्यात आणि हार्वर्ड येथे एडवर्ड पर्सेल यांच्या मंडळींनी मेणात हा आवाज ऐकला. दोघांना १९५२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. इस्पितळातले एमआरआय यंत्र याच तत्त्वावर चालते. 'न्यूक्लिअर' शब्दाने दचकण्याचे कारण नाही. यात किरणोत्सर्ग नाही, नमुना जळत नाही, खराब होत नाही.

मग सुतावरचे तेल कसे कळते? इथे एक सुंदर फरक कामी येतो. पॉलिएस्टर घन आहे, त्यातले हायड्रोजन जखडलेले असतात. त्यांचा आवाज सेकंदाच्या काही लाखांशांतच विरून जातो. तेल प्रवाही आहे, त्यातले हायड्रोजन मोकळे हलतात आणि त्यांचा आवाज शेकडो पट अधिक वेळ टिकतो. यंत्र लहर सोडते, क्षणभर थांबते, धाग्याचा आवाज मावळू देते आणि मग जो उरतो तो तेलाचा आवाज मोजते. आवाज जितका मोठा तितके तेल जास्त.

पण तराजूला जशी वजने लागतात तशी यंत्रालाही लागतात. आधी जुन्या रीतीने तेल मोजलेले दोन-तीन नमुने यंत्राला दाखवावे लागतात. त्यावरून ते बाकीच्यांचा हिशेब लावते. वजने खोटी असतील तर तराजू खोटा, तसेच येथेही. शिवाय पाण्याचा आवाजही तेलासारखाच टिकाऊ असतो. पॉलिएस्टरमध्ये हवेतली ओल अगदी थोडी, सुमारे ०.४ टक्के धरतात, म्हणून तेथे काम सोपे होते. कापसात ती ८.५ टक्के धरली जाते. कापसावर ही मोजणी करायची तर ओल आधी काढावी लागते किंवा वेगळी ओळखावी लागते.

असे यंत्र टेबलावर मावते. त्यात साधा कायमचा चुंबक असतो, सुमारे अर्ध्या टेस्लाचा.

सरकी, भुईमूग आणि डालडा

आपले अनेक बांधव तेलबियांच्या आणि तेलघाणीच्या धंद्यात आहेत. त्यांच्या उपयोगाची बाब अशी की हेच टेबलावरचे यंत्र बियांतले तेल मोजते. बी फोडावे लागत नाही, दळावे लागत नाही. वाळलेली बी नळीत टाकली की दाणा घन राहतो आणि आतले तेल बोलते. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९६० च्या दशकातच मक्याच्या एकेका दाण्यातले तेल असे मोजत असत. मोजून झाल्यावर तोच दाणा पेरता येतो. जादा तेलाचे वाण निवडणाऱ्या संशोधकांना याचा फार फायदा झाला. तेलबियांतले तेल आणि ओल एकदम मोजण्याची ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानकांतही आहे. सरकी, सोयाबीन, भुईमूग यांचा भाव तेलावर ठरायचा असेल तर मुठीत घेऊन अंदाज करण्यापेक्षा हा हिशेब अधिक सरळ आहे.

वनस्पती तूप, बेकरीचे मार्गरिन, चॉकलेट यांतही हीच युक्ती. ठराविक उष्णतेला चरबीचा किती भाग गोठलेला आणि किती पातळ आहे, हे घन आणि द्रव आवाजांच्या तुलनेने कळते. खारी आणि नानकटाई किती खुसखुशीत होणार, हे मोठ्या प्रमाणावर याच आकड्यावर अवलंबून असते.

नावनिशीवार यादी

आतापर्यंत सांगितले ते 'किती' मोजण्याबद्दल. 'काय आहे' हे ओळखण्याचे काम मोठी यंत्रे करतात. हायड्रोजनचा डुलण्याचा ताल सर्वत्र हुबेहूब सारखा नसतो. शेजारी कोणता अणू आहे यावर तो किंचित बदलतो. १९५१ मध्ये स्टॅनफर्ड येथे अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी इथेनॉलचा आवाज बारकाईने तपासला तेव्हा एकाऐवजी तीन निरनिराळी शिखरे मिळाली, आणि त्यांचे प्रमाण ३:२:१ होते. इथेनॉलच्या रेणूत हायड्रोजन याच तीन जागी, याच प्रमाणात असतात. म्हणजे रेणूची कुंडलीच कागदावर उतरली. यातले एस. एस. धर्मट्टी हे भारतीय. पुढे त्यांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाच्या संशोधनाचा पाया घातला. कुलाब्याच्या त्या संस्थेत उच्च क्षमतेच्या एनएमआरचे राष्ट्रीय केंद्र आहे. औषधे आणि प्रथिने यांची रचना तिथे तपासली जाते. ज्या तंत्राचे नाव आम्ही भिवंडीच्या सुतामुळे ऐकले, त्याच्या पहिल्या फळीतला एक माणूस मुंबईत काम करून गेला, हे पुष्कळांना ठाऊक नसेल.

ही मोठी यंत्रे टेबलावर मावत नाहीत. त्यांचा चुंबक उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियमात बुडवलेला असतो, आणि त्याचा जोर पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या लाखपटींहून अधिक असतो.

मधाचा मामला

मिलावटीच्या बाबतीत या तंत्राने सर्वात मोठी खळबळ मधाच्या बाजारात माजवली. मध शुद्ध आहे की नाही, हे पाहण्याचे घरगुती उपाय सर्वांना ठाऊक आहेत. पाण्यात थेंब टाकणे, वात बुडवून पेटवणे, कागदावर ठेवणे. यांतल्या एकाही उपायावर व्यापाऱ्याने भरवसा ठेवू नये. साखरेचा दाट पाकही हे उपाय पार करतो.

शास्त्रीय चाचणीचीही शर्यत झाली. ऊस आणि मका या वनस्पती कार्बन वेगळ्या रीतीने घेतात, त्यामुळे त्यांच्या साखरेतल्या जड कार्बनचे प्रमाण फुलांच्या मधापेक्षा वेगळे असते. त्यावरून उसाची किंवा मक्याची साखर पकडता येऊ लागली. तेव्हा मिलावट करणारे तांदळाच्या आणि बीटच्या साखरेकडे वळले, कारण त्यांचा कार्बन फुलांसारखाच असतो. जुनी चाचणी फसली. मग एनएमआर आले. ते एकच गोष्ट न पाहता मधातल्या अनेक साखरा, आम्ले आणि इतर घटक यांची एकत्र नावनिशी काढते, आणि हजारो अस्सल नमुन्यांच्या नोंदवहीशी तिची तुलना करते.

भारतातून अमेरिकेला निर्यात होणाऱ्या मधासाठी १ ऑगस्ट २०२० पासून ही चाचणी सक्तीची झाली. देशातल्या विक्रीसाठी मात्र ती तेव्हा सक्तीची नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातल्या १३ ब्रँडांच्या मधाची तपासणी जाहीर केली. एनएमआर चाचणी जर्मनीच्या प्रयोगशाळेत करून घेतली होती. सर्व कसोट्यांवर फक्त तीन ब्रँड उतरले, असे संस्थेने सांगितले. कंपन्यांनी आरोप नाकारला. त्यांचा एक आक्षेप असा होता की परदेशी नोंदवहीत भारतीय मधाचे नमुने पुरेसे नाहीत, म्हणून अस्सल मधही परका ठरू शकतो.

या वादात व्यापाऱ्याने दोन्ही बाजू समजून घेतल्या पाहिजेत. मिलावट होते हे खरे, आणि तिचा मार अस्सल मध गोळा करणाऱ्याला बसतो. स्वस्त पाकाशी त्याचा मध भावात कसा टिकणार? महाबळेश्वरच्या परिसरात मधावर पोट असलेली कितीतरी कुटुंबे आहेत. तिथले मांघर हे २०२२ मध्ये देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. पुण्यात मधमाशांच्या संशोधनाची केंद्रीय संस्था १९६२ पासून आहे. परंतु नोंदवहीचा मुद्दाही तेवढाच खरा आहे. साक्षीदार कितीही प्रामाणिक असला तरी त्याने जो माणूस कधी पाहिलाच नाही त्याला तो ओळखणार कसा? आपल्या जांभळाच्या, करंजाच्या, कारवीच्या मधाची नोंद त्या वहीत हवी. ती नोंद व्हावी यासाठी मध उत्पादकांनी मागणी लावून धरली पाहिजे.

सिरका, व्हॅनिला आणि अत्तर

अत्तर, सुगंध आणि खाद्यपदार्थांच्या व्यापाऱ्यांना आणखी एक गोष्ट उपयोगी आहे. निसर्गातल्या हायड्रोजनमध्ये साधारण साडेसहा हजार अणूंमागे एक अणू जड असतो. त्याला ड्यूटेरियम म्हणतात. हा जड हायड्रोजन रेणूच्या कोणत्या जागी किती बसला आहे, हे वनस्पतीवर, तिने प्यालेल्या पाण्यावर आणि माल बनवण्याच्या रीतीवर ठरते. फ्रान्समध्ये नांत येथे मार्तें दांपत्याने १९८० च्या दशकात एनएमआरने हे मोजण्याची पद्धत बसवली. तिचा पहिला उपयोग द्राक्षाच्या दारूत बाहेरची साखर घातली आहे का, हे पकडण्यासाठी झाला. तो माल आपल्या कामाचा नाही, परंतु तंत्र कामाचे आहे. त्याच पद्धतीने फळांच्या रसातली बीटची साखर, फळांपासून न बनवता कारखान्यात बनवलेला सिरका, आणि शेंगेच्या नावावर खपवलेला कृत्रिम व्हॅनिला ओळखता येतो. रेणू तोच, वासही तोच, तरी जन्म कुठला ते जड हायड्रोजन सांगतो. अत्तरातली रोजची तपासणी गॅस क्रोमॅटोग्राफीने होते आणि ती पुरेशी असते. नैसर्गिक की कृत्रिम हा वाद पेटला तर एनएमआरची साक्ष कामी येते.

याच कुटुंबातले दोन भाऊबंद आहेत. एकात अणूच्या गाभ्याऐवजी इलेक्ट्रॉनचा आवाज ऐकतात. तो शोध झावोइस्की यांनी १९४४ मध्ये रशियातल्या कझान शहरात लावला. आपल्याकडे वाशीला मसाल्यांवर आणि लासलगावला कांदा व आंब्यावर विकिरण होते, आणि २००७ पासून असा आंबा अमेरिकेत जाऊ लागला. मालावर विकिरण झाले आहे की नाही, हे अनेक पदार्थांत या इलेक्ट्रॉनच्या खुणेवरून परदेशात तपासतात. दुसऱ्या भावाला चुंबकच लागत नाही. तो नायट्रोजनचा आवाज ऐकतो. बंद सामानातली आरडीएक्ससारखी स्फोटके आणि बंद डबीतल्या नकली गोळ्या ओळखण्यासाठी त्याच्यावर काम झाले आहे. मात्र लोखंडी पेटीतून त्याला ऐकू येत नाही.

प्रत्येक दुखण्याला हेच औषध नाही

नवे यंत्र ऐकले की माणूस प्रत्येक कामाला तेच मागतो. तसे करू नये. सराफ बांधवांना सांगतो, सोन्याचांदीचा कस या यंत्राने निघत नाही. त्यासाठी एक्स-रे फ्लुरोसन्सचे यंत्र आहे. खऱ्या धातूच्या जरीचे कापडही या यंत्रात घालू नये, धातू रेडिओलहर अडवतो. कापडात सूत किती आणि पॉलिएस्टर किती, हे ठरवायला ७५ टक्क्यांचे गंधकाम्ल पुरते. सूत विरघळते, पॉलिएस्टर उरते, ते तोलायचे. स्वस्त आणि पक्के. कापसावर पाणी मारले आहे का, हे भट्टीत सुकवून तोलल्यावर कळते. जिथे साध्या तराजूने काम भागते तिथे मोठ्या यंत्राचा खर्च करू नये.

व्यापाऱ्याने काय करावे?

अनुभवातून आम्हाला जे कळले ते मुद्दे असे:

१) माल उतरवताना प्रत्येक लॉटमधून नमुना काढावा, दोन्ही बाजूंच्या सहीने सीलबंद करावा आणि व्यवहार पूर्ण फिटेपर्यंत जपावा. आमचे अकरा कोन योगायोगाने राहिले. योगायोगावर धंदा चालत नाही.

२) सौदा करताना तेलाची टक्केवारी आणि तिच्यातली चालण्याजोगी घटवाढ कागदावर लिहावी. 'चांगले सूत' या शब्दाला कायद्यात वजन नाही.

३) नमुना एकाच कोनाचा घेऊ नये. आमच्या प्रकरणात फक्त पहिला कोन तपासला असता तर सूत निर्दोष ठरले असते.

४) वाद झाला तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जावे आणि आपल्याला हवी ती चाचणी त्यांच्या मान्यतेत आहे का, हे आधी विचारावे. सूत-कापडाची तपासणी करणाऱ्या बीटीआरए आणि सस्मिरा या संस्था मुंबईत आहेत, सुरतेत मंत्रा आहे. एनएमआर नसले तरी द्रावकाची जुनी चाचणी प्रमाण मानली जाते.

५) एकट्याला यंत्र परवडणार नाही. परंतु यंत्रमागधारकांच्या किंवा तेलघाणी चालवणाऱ्यांच्या संघटनेने मिळून टेबलावरचे एक यंत्र घेतले आणि नमुन्यामागे शुल्क लावले तर छोट्या माणसाच्या हातात पुरावा येईल. आज ही यंत्रे मुख्यतः मोठ्या कारखान्यांत आहेत. म्हणजे ज्याने माल विकला त्याच्याकडे आकडा आहे, आणि ज्याने विकत घेतला किंवा विणला तो हातानेच चाचपतो आहे. असा व्यवहार बरोबरीचा होत नाही.

६) सर्वात महत्त्वाचे: तपासणी होईपर्यंत कोणाची मजुरी कापू नये.

शेवटचा मुद्दा आम्ही फार महाग शिकलो. आकडे हाती आल्यावर आम्ही सूत विकणाऱ्याकडे गेलो. त्याने थोडी रक्कम सोडली, पूर्ण नुकसान भरून निघाले नाही. ते धंद्यात चालायचेच. मग भिवंडीला जाऊन चाचांची कापलेली मजुरी त्यांच्या हातात ठेवली आणि माफी मागितली. त्यांनी पैसे मोजून घेतले, चहा पाजला, गाऱ्हाणे काही केले नाही. पण नंतर आमचा बीम त्यांनी पुन्हा कधी मागावर चढवला नाही. दोनदा विचारले, दोन्ही वेळा 'माग खाली नाही' असे उत्तर आले. आम्हीही मग विचारणे सोडले.

साखळीत जो सर्वात खाली असतो त्याच्यावर दोष लवकर चिकटतो, कारण त्याच्याकडे बिल नसते, लॉट नंबर नसतो, प्रयोगशाळा नसते. चाचांनी सांगितलेले सत्य आणि यंत्राने सांगितलेले सत्य एकच होते. फरक इतकाच की आम्ही यंत्राचे ऐकले. बांधवांनो, परख हाताची असो की चुंबकाची, ती माणसावर शिक्का मारण्यापूर्वी करावी. शिक्का बसल्यानंतर केलेल्या तपासणीने पैसा परत देता येतो, बाकी फारसे काही परत देता येत नाही.